फिल्मवरची विभूती

आमच्या खोलीत फिल्म काढायच्या आधी ओलं फडकं लागायचं. कोमट पाण्यात पिळलेलं, जाड, स्वच्छ फडकं. नवीन शिकायला आलेली पोरं-पोरी हे ऐकून हसायची. मी म्हणायचे, हसा बाबांनो, दात काढा. गुलबर्ग्यात एकदा बाईच्या छातीची फिल्म काढून बघा, मग कुणाला हसू येतंय ते सांगा.

मी क्ष-किरणवाली डॉक्टर. त्यातही बायकांच्या स्तनांच्या फिल्मा वाचणारी. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा गुलबर्ग्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात हैदराबादेत वापरून झालेलं एक जुनं यंत्र आलं. ते हाताळायला बाईच पाहिजे, नाहीतर एकही बाई पदर काढणार नाही, म्हणून मला बोलावणं आलं. तोपर्यंत मी हाडं, फुप्फुसं आणि मुतखडे बघत होते. मूळची औराद तालुक्यातल्या संतपूरची. आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा मी पाळण्यात होते. लेकीला शिकवायचं म्हणजे शिकवायचंच, हा वडिलांचा हट्ट, आणि हट्टाच्या बाबतीत मी बापाच्या पुढं दोन पावलं.

काम सांगायला सोपं आहे. बाईनं यंत्रासमोर उभं राहायचं, स्तन एका पाटीवर ठेवायचा, वरून दुसरी पाटी दाबून आणायची. तो नीट पसरून ठेवायचं काम हातानंच करावं लागतं. दुखतं. बाया ओठ चावतात, देवाचं नाव घेतात, काही मला शिव्या देतात, आणि त्यांना ती मुभा होती. मग अंधारखोलीत फिल्म धुवायची आणि उजेडाच्या पेटीवर लावून भिंगातून बघायची. मांस राखाडी दिसतं, चरबी काळी, चुना पांढरा. कॅन्सर कधी कधी चुन्याचे बारीक कण टाकत येतो, मिठाहूनही बारीक. ते हाताला लागत नाहीत, दुखत नाहीत, फक्त फिल्मवर दिसतात. ते शोधायचे, हे माझं काम. असून दिसले नाहीत तर बाई गेली. नसून दिसले तर तिच्या अंगावर उगीच सुरी चालली. पाठ टेकली तरी डोळ्यांपुढं तेच कण नाचायचे.

आता आमच्याकडं निम्म्या बाया विभूती लावणाऱ्या. लिंगायत घरातली बाई सकाळी अंघोळ झाली की गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करते आणि कपाळावर, मानेवर, दंडावर, छातीवर विभूतीची बोटं ओढते. राखेतही चुनाच. फिल्मवर विभूतीचे कण आणि रोगाचे कण पहिल्या नजरेला सख्खे भाऊ वाटतात. म्हणून ते फडकं. आमची आया मावशी ते घेऊन दारातच उभी असायची आणि प्रत्येकीला म्हणायची, "अम्मा, पैले पोंछ लेव."

पण तिला नेमका त्या सकाळी ताप भरला होता.

अक्का आली ती दुबलगुंडीहून. चाळिशी ओलांडलेली, उंच, अंगानं भरलेली, बोलण्यात मराठी आणि कानडी एकाच ताटात कालवलेली. घरी तुरीची शेती आणि हुमनाबादेत धान्याचं दुकान. तिच्या नवऱ्याला सगळा गाव अण्णा म्हणायचा, म्हणून मीही अण्णाच म्हणायला लागले. येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेच्या सणाच्या आदल्या दिवशी, शेतावर न्यायच्या अंबिलीसाठी ताक घुसळताना दंड छातीला घासला आणि अक्काला गाठ लागली. हरभऱ्याएवढी, डाव्या अंगाला, वरच्या बाजूला.

यंत्रासमोर उभं करून मी तिला सांगितलं, "अक्का, गळ्यातलं लिंग मधे येतंय. बाजूला घ्यावं लागंल."

"अंगावरनं उतरवत न्हाई मी ते. मेल्यावर बी न्हाई."

"उतरवू नका. मुठीत धरा."

तिनं लिंगाची ती चांदीची डबी उजव्या मुठीत घट्ट धरली. त्या डबीला मी हात लावला नाही, तिनं लाव म्हटलं नाही. मग ती म्हणाली, "कोण्या घरची गं तू?" हा प्रश्न आमच्याकडं टळत नाही. मी सरळ सांगून टाकलं. हात लावायच्या आधीच सांगून टाकायची माझी रीत होती, ज्याला जायचं त्यानं जावं. अक्कानं डाव्या हातानं माझा हात धरून बघितला. मग म्हणाली, "हात गार हाईत तुझे. चोळ की जरा." मी दोन्ही हात एकमेकांवर चोळले आणि कामाला लागले.

पहिली फिल्म बघितली आणि मी कपाळावर हात मारून घेतला. पीठ सांडल्यासारखी सगळी फिल्म कणांनी भरलेली. बाहेर येऊन विचारलं, "अक्का, विभूती लावलीय का?"

"व्हय की. मठातली. गाठीवर रोज चोळायलेय."

मीच फडकं पिळलं, मीच साबण लावला, कातडी लाल होईस्तोवर पुसली. परत फिल्म काढली. कातडीवरचे कण गेले होते. पण वरच्या बाजूला, खोल मांसात, चिमूटभर कण तसेच राहिले होते. एकाजागी गोळा झालेले, कुणी लांब, कुणी तुटका, आणि त्यांच्याभोवती काटेरी सावली. भिंग बाजूला ठेवून मी पुन्हा डोळ्यांनी बघितलं. भिंगाशिवायसुद्धा दिसत होते.

आता आमच्याकडची पद्धत अशी की बाईचं दुखणं बाईला सांगत नाहीत. डॉक्टर नवऱ्याला नाहीतर थोरल्या दिराला बाहेर बोलावतो, दोघं कुजबुजतात, आणि बाई बाकावर पदर सावरत बसते. माझ्या सख्ख्या मावशीला, आईच्या बहिणीला, काय झालं होतं हे तिच्याशिवाय सगळ्या संतपूरला माहीत होतं. ती गेली तेव्हाही तिला पोटशूळच वाटत होता. माझ्या खोलीत ती भानगड नव्हती. फिल्म जिची, तिला आधी दाखवायची. मोठे डॉक्टर नाकं मुरडायचे. मुरडू देत.

मी अक्काला उजेडाच्या पेटीसमोर आणलं. दोन्ही फिल्मा शेजारी शेजारी लावल्या. "ही आधीची. हे सगळे विभूतीचे. ही धुतल्यावरची. हे बघा, बाहेरचे गेले. हे राहिलेत ते आतले. हे विभूतीचे नाहीत अक्का. हे त्या गाठीचे आहेत. मला हे चांगले दिसत नाहीत. तुकडा काढून तपासायचा आणि लवकर काढायचा."

अक्का लक्ष देऊन बघत होती. एका फिल्मवरून दुसरीकडं, दुसरीवरून पहिलीकडं. तुरीत खडे बघावेत तशी. मग म्हणाली, "एकदा पुसलं तर एवढे गेले?"

"व्हय."

"मग हे बी जातील की."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. मी म्हटलं, "अक्का, हे आत आहेत. मांसात."

"आत मुरलेत. लहानपणापासून लावायलेय मी, मुरणारच की. वरचं पाण्यानं गेलं. आतलं जरा दमानं निघंल."

मी समजावलं. चित्र काढून दाखवलं. हळदीचा डाग आणि हाडातला रंग यांतला फरक सांगितला, जे सुचेल ते सांगितलं. ती मान हलवत राहिली. मूर्ख बाई नव्हती हो ती! अडाण्याला समजावता येतं. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघून, स्वतःच्या डोक्यानं हिशेब लावला होता, आणि दिसायला तो हिशेब बरोबर होता. माझ्याच दोन फिल्मांनी तिला तो शिकवला होता.

अण्णाला आत बोलावलं. तो धान्याच्या बाजारात मुरलेला माणूस, कपाळभर विभूतीची बोटं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, विभूती हाय म्हणून तुम्हीच म्हणाला न्हवं?"

"बाहेरची."

"आतली येगळी कशावरून? दिसायला तर एकच दिसायलीय."

"मला वेगळी दिसते. माझं कामच ते आहे."

"मग कॅन्सर हाय म्हणून सांगा की छातीठोक."

फिल्म वाचणाऱ्याला शेवटचा शब्द नसतो. आम्ही संशय सांगायचा. शब्द द्यायचा तो तुकडा तपासणाऱ्यानं. मी म्हटलं, "माझी खात्री आहे. पण तुकडा काढल्याशिवाय कुणालाच शेवटचं सांगता येत नाही."

"म्हंजे तुम्हाला बी नक्की म्हाईत न्हाई," अण्णा म्हणाला. उर्मटपणे नाही. सुटल्यासारखा म्हणाला.

आमचे सर्जन भले माणूस. त्यांनी गाठ चाचपली, फिल्म बघितली, दोघांना समोर बसवून सांगितलं की याच आठवड्यात करून टाकू. अक्कानं त्यांनाही हात जोडले. सुरी लागली की हवा लागते, हवा लागली की गाठ पसरते, हे आमच्याकडं पोरासोरांनाही पाठ आहे. बाहेर पडताना तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "तोंड कामून पाडलंस? मी विभूती बंद करतेय. आजपास्नं. जवा सगळी निघंल तवा येते, मग काढ फोटो."

"अक्का, विभूती लावा! रोज लावा, अंगभर लावा! तिचा काही दोष नाही. फक्त गाठ काढून टाका."

"लेकरू हाईस तू," ती म्हणाली आणि गेली.

विभूती सोडणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. गावात अर्धी पोरं लिंगायतांची होती, त्यांच्या आया मी पाहिल्या होत्या. दीक्षा झाल्यापासून एक सकाळ रिकामी जात नाही. बाळंतीण बाईसुद्धा लावते. अक्कानं जे सोडलं होतं ते औषधाच्या गोळीएवढं नव्हतं, म्हणूनच तिला वाटत होतं की याचा गुण येणारच.

मी दर आठवड्याला बाहेरच्या बाकावर तिला शोधायचे. उन्हाळा लागला, ती आली नाही. हुमनाबादेच्या बाजूनं कुणी बाई आली की मी विचारायचे, दुबलगुंडीची अक्का दिसते का? त्या म्हणायच्या, चांगली हाय की, लग्नाला आलती. चांगली हाय! मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. कण कुठल्या वेगानं वाढतात हे मला माहीत होतं आणि मी इथं मुतखडे मोजत बसले होते.

शेवटी एका रविवारी मीच उठले. बसनं हुमनाबाद, तिथनं दुबलगुंडी. अक्का मला बघून हरखली. पुढच्या खोलीत बसवलं, ज्वारीची कडक भाकरी, तुरीचं वरण, शेंगाची चटणी, वाढतच राहिली. कपाळावर कुंकू होतं आणि कुंकवाच्या वर काहीच नव्हतं. मी जेवण अर्ध्यात टाकलं. म्हटलं, "अक्का, हात लावू द्या."

गाठ आता लिंबाएवढी होती आणि खाली घट्ट बसली होती.

"वाढलीय," मी म्हणाले.

"मऊ पडायलीय. आधी टणक व्हती."

"मऊ पडत नाही अक्का, वाढलीय! तुम्हाला काय झालंय? दोन लेकी आहेत तुम्हाला, नातवंडं आहेत. मी पाया पडते. आत्ता माझ्यासंगं चला, हीच बस परत जातीय."

"पुसलं की जातंय म्हणून तूच सांगितलंस आणि तूच घाई करायलीस."

"मी नाही सांगितलं! मी कधीच नाही सांगितलं!" मी ओरडले. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. अक्कानं तिला कानडीत काहीतरी सांगून घालवलं, आणि मला म्हणाली, "मला म्हाईत हाय तुला माझी काळजी हाय. गप जेव."

अण्णा मला बसपर्यंत सोडायला आला. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, मान खाली. बस दिसली तसा म्हणाला, "काय करू बाई? उचलून आणू का तिला?"

"उचलून आणा! बांधून आणा! मी आहे तिथं, मी बघते पुढचं."

त्यानं मान डोलावली. मला वाटलं आणेल. त्या दिवसापासून बाहेर गाडीचा आवाज झाला की मी उठून बघायचे. नाही आणलं. आणि मी तरी काय करणार होते? पोलीस पाठवणार होते? बाईच्या छातीवर बाईचा हक्क, हे मीच बोलत फिरत होते. तिनं तो हक्क वापरला. मला एवढा राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. आया मावशीवर काढायचे, फिल्म नीट धुतली नाही म्हणून पोरांवर काढायचे. घरी आले की भांडी आदळायचे.

पुढची येळवस होऊन गेली आणि अक्का आली.

बाकावरून उठली तेव्हाच कळलं. हात अंगापासून लांब धरलेला. अंगानं निम्मी झालेली. चोळीच्या आत जाड कापड कोंबलेलं, आणि खोलीत आल्यावर तो वास आला, जो एकदा ओळखीचा झाला की जन्मभर नाकातनं जात नाही. मावशी सवयीनं फडकं घेऊन पुढं झाली. अक्कानं तिचा हात बाजूला केला.

"पुसायचं काम न्हाई. कायबी लावलेलं न्हाई," ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघून हसली. "इच्चार हेंना. एक दिवस लावली न्हाई. मठात गेले तरी न्हाई. आता काढ फोटो."

कातडी फुटली होती. वरून खाली उघडी जखम, काखेत गाठींचा घोस. सर्जन दारातून डोकावले, माझ्याकडं बघून मान आडवी हलवली. फिल्म काढून उपयोग नव्हता. फिल्म जे सांगणार ते आता समोरच दिसत होतं. पण ती स्वतःच यंत्रापाशी जाऊन उभी राहिली होती. मूठ वळलेली. मी काढली. पाटी दाबली नाही, नुसती टेकवली. तरी तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि ती म्हणाली, "दाब, दाब. नीट येऊ दे."

मी अंधारखोलीत गेले आणि फिल्म धुऊन झाल्यावरही तिथंच उभी राहिले. मला बाहेर यायचं नव्हतं. मावशीनं दार वाजवलं. "डाक्टर अम्मा, वो बुला रैं."

अक्का उजेडाच्या पेटीसमोर आधीच येऊन बसली होती. मीच लावलेली सवय. मी फिल्म लावली. सगळी पांढरी. कण शोधायला जागाच नव्हती, सगळ्या पांढऱ्यात ते बुडून गेले होते.

ती पुढं वाकली. बराच वेळ शोधलं. मग तोंड उजळलं तिचं. "न्हाईत की! एक बी कण न्हाई. बघ, म्हणलं न्हवतं तुला?"

खोटं बोलता आलं असतं. कितीतरी जणी बोलल्या असत्या, आणि ते पुण्याचंच काम झालं असतं. पण तिच्या मनात आता घरी जायचं होतं, आणि वेदनेची औषधं, जखमेची पट्टी, काय शक्य आहे ते, सगळं इथंच होतं. मी तिच्याजवळ स्टूल ओढलं. "अक्का, ती विभूती नव्हती. पहिल्या दिवसापासून नव्हती. हे सगळं पांढरं म्हणजे गाठच आहे. आता ती काढता येणार नाही."

तिनं पुन्हा फिल्मकडं बघितलं. मग स्वतःच्या छातीकडं. मी रडायला लागले होते, ती नाही. मला वाटलं विचारील, किती दिवस? सगळ्या तेच विचारतात. मी उत्तर जुळवायला लागले होते.

"मंजी देवाला म्या उगंच सोडलं," ती म्हणाली.

मी पेटीचा दिवा बंद केला.

तिनं माझं मनगट धरलं. आवाज एकदम खाली आणला. "हेंना सांगू नको. माझ्यासंगं तेंनी बी सोडलीय. विभूतीच होती म्हण. निघून गेली म्हण."

मी दाराकडं बघितलं. अण्णा उंबऱ्याबाहेर उभा होता, उपरणं काढून हातात घेतलेलं, आणि त्याचं कपाळ उघडं होतं.